चक्कर समेवर थांबते तेव्हा

कथकमधली चक्कर, म्हणजे जागच्या जागी घेतलेली गिरकी, संपवून नर्तकी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येते तेव्हा पाय क्षणात रोवले जातात, पण खांदे आणि छाती मात्र आधीच्याच वेगाने पुढे फिरू पाहतात. चक्कर डावीकडे असेल, तर हा उरलेला वेग आवरण्याचा मोठा भार पोटाच्या डाव्या बाजूचा बाह्य तिरका स्नायू आणि उजव्या बाजूचा आंतर तिरका स्नायू मिळून पेलतात; या दोघांना पोटाच्या मध्यभागी असलेला चिवट पडदा सांधतो. पाठीकडेही एका बाजूचा लॅटिसिमस डॉर्साय हा पाठीचा रुंद स्नायू आणि दुसऱ्या बाजूचा नितंबाचा मोठा स्नायू कमरेवरच्या जाड आवरणातून असेच तिरके जोडलेले असतात.

हे स्नायू हालचालीची वाट पाहत बसत नाहीत. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठात पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी 1990च्या दशकात केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की निरोगी माणूस हात उचलतो तेव्हा पोटाचा सर्वांत आतला आडवा स्नायू खांद्याच्या स्नायूच्याही आधी आवळला जातो, तर जुनी कंबरदुखी असलेल्यांत तो उशिरा जागा होतो. त्यावरून तो एकच स्नायू घोटत बसण्याची लाट आली, ती मला अनाठायी वाटते, कारण नृत्यात कोणताही स्नायू एकटा काम करत नाही.

म्हणून रियाजाआधी पाचेक मिनिटे चालून अंग गरम झाल्यावर ‘बर्ड-डॉग’ हा व्यायाम करावा. हात आणि गुडघे जमिनीवर टेकवून ओणवे व्हावे, मग उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे लांबवावा. इथे नर्तकांची हमखास चूक होते: लवचिकतेची सवय असल्याने पाय नितंबाच्याही वर जातो, कंबरेला बाक येतो, ओटीपोट एका बाजूला कलते आणि व्यायामाचा हेतूच फसतो. पाय जमिनीला समांतर राहिला की पुरे. कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल असे ताण दहा सेकंदांच्या आत सोडायला सांगतात; तेव्हा सेकंदाला एक मात्रा या लयीत ‘ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्’ मोठ्याने म्हणावे, म्हणजे आठ सेकंदही मोजले जातात आणि श्वास कोंडला जात नाही. मग बाजू बदलावी. उताणे झोपून, वर उचललेल्या हात-पायांपैकी विरुद्ध बाजूंचे हात-पाय सावकाश खाली नेण्याचा ‘डेड बग’ हा याचाच जोडीदार. त्यात कंबर जमिनीवरून उचलली जाऊ देऊ नये.

दमछाक होईपर्यंत हे करू नये, कारण थकलेले पोट घेऊन चक्कर घेणे धोक्याचे. एकच स्नायू मिनिटाहून अधिक काळ ताणून लांबवून (स्ट्रेच करून) धरणेही रियाजानंतरसाठी राखावे. त्याने स्नायूंची ताकद काही काळ किंचित उतरते. मात्र चक्कर बहुतेक एकाच दिशेने घेतली जात असली, तरी हा सराव दोन्ही बाजूंनी सारखाच करावा, आणि ज्या बाजूला तोल डगमगतो तिला एखादी फेरी जास्त द्यावी.