रणगाडा रुततो कशामुळे?

रणगाडा चिखलात रुतला की आपण म्हणतो, 'एवढं वजन, रुतणारच!' पण 32 टनांच्या टी-34-85 चं वजन रुंद पट्ट्यांवर पसरलेलं असतं. जमिनीवर दाब पडतो दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम 0.8 किलो, म्हणजे एका पायावर उभ्या माणसाच्या दुपटीच्या आसपास. मग एप्रिल 1945 मध्ये बर्लिनच्या पूर्वेला, ओडर नदीच्या खोऱ्यात सोव्हिएत रणगाडे का अडकले?

समोर होता जर्मन सेनापती गॉटहार्ड हाइनरिकी. 1905 साली पायदळात दाखल झालेला, 1942 च्या जानेवारीपासून चौथ्या आर्मीचा प्रमुख. रशियातून मागे हटता हटता बचावात मुरलेला. मार्च 1945 मध्ये त्याने ओडरची आघाडी सांभाळणाऱ्या विस्तुला आर्मी ग्रुपची (अनेक आर्मी मिळून झालेल्या सैन्यगटाची) सूत्रं घेतली ती नाझी नेता हिमलरकडून. हा हिमलर 'विश्व बर्फातून घडलं' या भाकड सिद्धान्ताला सरकारी आश्रय देत होता! सत्ता पाठीशी असली की थापेलाही विज्ञानाचा मान मिळतो. हाइनरिकी लढत होता तोही त्याच खुनी राजवटीसाठी, हे विसरू नये.

ओडरचं हे खोरं, म्हणजे ओडरब्रुख, ही मूळची दलदल. अठराव्या शतकात प्रशियाचा राजा फ्रेडरिक दुसऱ्याने बांध घालून, चर खणून ती लागवडीखाली आणली. हाइनरिकीच्या बचावात वरच्या अंगाच्या ओटमाखाउ जलाशयातून पाणी सोडलं गेलं आणि वसंतातली ओली जमीन पुन्हा दलदल झाली.

खरी गंमत मातीच्या पोटात आहे. मातीचे कण एकमेकांना टेकलेले असतात. भार पेलतं ते त्यांच्यातलं घर्षण. फटींत पाणी भरलं की ते कणांना आतून रेटतं. अभियंता कार्ल टर्झागीने 1925 च्या सुमारास हे सूत्रात मांडलं: परिणामी ताण (कणांनी पेललेला) = एकूण ताण − रंध्रजलदाब (फटींतल्या पाण्याचा दाब). चिकणमातीच्या फटी इतक्या बारीक की पाण्याला पटकन निसटता येत नाही. रणगाडा आला की वाढलेला भार आधी पाण्यावर जातो. एकूण ताण वाढतो, रंध्रजलदाबही तेवढाच वाढतो. वजाबाकी जिथल्या तिथे. म्हणजे भार वाढला तरी मातीची ताकद वाढत नाही. त्यात मागचा रणगाडा त्याच चाकोरीतून येतो, घुसळलेल्या मातीची उरलीसुरली पकडही सुटते. भातखाचरात चिखलणी करणाऱ्याला हे पायानेच कळलेलं असतं.

16 एप्रिलच्या पहाटेआधी हाइनरिकीने पहिल्या फळीतले बहुतेक सैनिक मागे घेतले होते. सोव्हिएत तोफांचा भडिमार बराचसा रिकाम्या खंदकांवर झाला. सोव्हिएत सेनापती झुकॉव्हने 143 सर्चलाइट पेटवले, तर धूर आणि धुळीच्या कणांनी तो प्रकाश विखरून परत त्याच्याच सैनिकांच्या डोळ्यांत फेकला. घाटातल्या धुक्यात अप्पर लाइट लावल्यावर समोर पांढरी भिंत उभी राहते, तसं. चिखलामुळे शेतांतून जाणं बंद झाल्याने रणगाडे मोजक्या रस्त्यांवर दाटले, आणि त्या रस्त्यांवर खोऱ्याच्या कडेच्या सेलो टेकड्यांवरच्या जर्मन तोफा रोखलेल्या होत्या.

19 एप्रिलला सेलोची ही बचावफळी फुटली.