टिचकी मारायची आणि ऐकायचं

उन्हाळ्याच्या तोंडावर माठ घ्यायला गेलं की आपण आधी त्याच्यावर टिचकी मारतो. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर खाली ठेवायचा. तडा डोळ्यांना दिसत नसला तरी कानाला कळतो.

आमच्या सोसायटीचं स्ट्रक्चरल ऑडिट झालं (मुंबईत ३० वर्षांपुढच्या इमारतींना ते कायद्यानंच करावं लागतं), तेव्हा आलेल्या इंजिनीअरनं पार्किंगमधल्या कॉलमना जे केलं, ते याच जातीचं होतं. कॉलमचं प्लास्टर दोन्ही बाजूंनी वीतभर खरवडलं, उघड्या काँक्रीटला ग्रीस फासलं आणि समोरासमोर दोन प्रोब दाबून धरले. यंत्रावर आकडा आला, ५८. कॉलमची जाडी २३० मिलिमीटर. तेवढी पार करायला एका प्रोबमधून दुसऱ्याकडे जाणाऱ्या ध्वनिलहरीला ५८ मायक्रोसेकंद लागले, म्हणजे वेग सेकंदाला जवळपास ४ किलोमीटर. ठीक. पाण्याच्या टाकीला लागून असलेल्या कॉलमपाशी मात्र आकडा ८० वर गेला. वेग ३ किलोमीटरच्याही खाली. इंजिनीअर काही बोलला नाही, खडूनं फुली मारून पुढे गेला. सेक्रेटरी तेवढे तिथेच उभे राहिले.

वेग घटतो तो चिरांमुळे आणि पोकळ्यांमुळे. चिरेत हवा असते, आणि काँक्रीटमधून आलेली लहर हवेत शिरायला जवळजवळ नकारच देते. मग ती वळसा घालून जाते आणि उशिरा पोचते. ग्रीस लावायचं तेही हवेसाठीच: प्रोब आणि कॉलम यांच्यामध्ये हवेचा पापुद्रा राहिला, तर लहर आत जाणारच नाही. सोनोग्राफीच्या वेळी पोटावर गार जेल लावतात, त्याचं कारण हेच.

आणि सोनोग्राफीच्या प्रोबमध्ये जे असतं तेच यातही असतं, पीझोइलेक्ट्रिक पदार्थाची चकती. मराठीत दाबविद्युत म्हणतात, नाव अगदी चपखल आहे. १८८० साली पॅरिसमध्ये ज्याक आणि पिएर या क्युरी बंधूंना आढळलं, की क्वार्ट्झसारखे काही स्फटिक दाबले की त्यांच्या पृष्ठभागांवर विद्युतभार जमतो. स्वयंपाकघरातला गॅस लायटर खट् करून ठिणगी टाकतो तो याच गुणावर. पुढच्याच वर्षी उलटी बाजूही सिद्ध झाली: स्फटिकाला वीज दिली की तो किंचित आकसतो किंवा फुगतो. आज वापरतात ते बहुतेक शिसं, झिर्कोनियम आणि टायटॅनियमच्या ऑक्साइडचं सिरॅमिक, थोडक्यात पीझेडटी. म्हणजे टिचकी मारणारं बोट आणि ऐकणारा कान, दोन्ही एकाच चकतीत.

ऑडिटवाला येतो आणि जातो. चकती कायमची चिकटवून ठेवली तर? साधारण १ सेंटिमीटर चौरस आणि मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा जाड पीझेडटीचा तुकडा एपॉक्सीनं तुळईला चिकटवतात. त्याला व्होल्टभर वीज देऊन वारंवारता हळूहळू चढवत नेतात, हजारो हर्ट्झपासून लाखांपर्यंत. तुकडा थरथरू पाहतो, पण तुळई त्याला धरून असते. कोणत्या वारंवारतेला ती किती अडवते, याचा आलेख म्हणजे त्या जागेची सही. जवळपास चीर पडली की सहीतली शिखरं सरकतात, नवी उगवतात. या पद्धतीवर आपल्याकडे आयआयटी दिल्लीत बरंच काम झालं आहे. तुकडा ओल्या काँक्रीटमध्येच पुरला, तर काँक्रीट कसकसं घट्ट होत गेलं तेही कळत राहतं; २८ दिवसांनी त्याच काँक्रीटचा नमुन्याचा ठोकळा (क्यूब) फोडून बघेपर्यंत थांबावं लागत नाही.

मात्र यातली प्रत्येक गोष्ट तुलनेवर चालते. धडधाकट असतानाची सही नसेल, तर आजची सही नुसती वेडीवाकडी रेघ. उन्हानं तापमान वाढलं तरी शिखरं सरकतात, तो हिशेब वेगळा करावा लागतो. काँक्रीटमध्ये तुकड्याची नजर हातभरापलीकडे फारशी जात नाही. आणि नुसत्या दाबावर विसंबलं, तर वर्षानुवर्षं हळूहळू वाकत जाणारी तुळई त्याला समजतच नाही, कारण दाबानं जमलेला भार थोड्या वेळात झिरपून जातो. त्यासाठी दुसरी साधनं हवीत. ‘स्मार्ट’ पूल म्हणून छापून येतं तेव्हा हे कुणी सांगत नाही.

मातीची गोष्ट मला जास्त मजेची वाटते. प्रयोगशाळेत मातीच्या उभ्या नमुन्यात वरून आणि खालून एकेक पातळ पट्टी खुपसतात. पट्टी म्हणजे पाठीला पाठ लावून चिकटवलेले पीझोचे दोन थर. वीज दिली की एक लांबतो, दुसरा आखडतो, आणि पट्टी माशाच्या शेपटीसारखी आडवी हलते. तिनं उठवलेली आडवी लहर दुसऱ्या पट्टीपर्यंत पोचते. दोन्ही टोकांत १२० मिलिमीटर अंतर आणि वेळ ०.६ मिलिसेकंद असेल, तर वेग सेकंदाला २०० मीटर, काँक्रीटपुढे गोगलगाय.

आडवीच लहर का? पाण्यानं पूर्ण भरलेल्या मातीत उभी, दाबाची लहर पाण्यातूनच सुसाट निघून जाते, सेकंदाला सुमारे १५०० मीटरनं, आणि आपल्याला कळतं ते पाण्याबद्दल. आडवी लहर पाणी वाहूच शकत नाही. तिला कणाला कण टेकलेलाच रस्ता लागतो, म्हणून ती मातीच्या सांगाड्याची खरी बातमी आणते. मातीची घनता गुणिले या वेगाचा वर्ग, म्हणजे तिचा ताठरपणा. भूकंपात जमीन कशी हलेल याच्या गणिताला हाच आकडा लागतो. मे महिन्यात दगड झालेली आपली काळी माती पावसात लोण्यासारखी होते, तेव्हा हा वेग कोसळतो. डोंगरउतारावर मातीचा असा ताठरपणा सुटत जाताना वेळीच ऐकू यावा, हा यातला मोठा मोह. पण प्रयोगशाळेतला वीतभर नमुना वेगळा आणि मुळं, दगड, झरे यांनी भरलेला सह्याद्रीचा उतार वेगळा. माळीणसारख्या गावाच्या डोक्यावर कुठे आणि किती पट्ट्या खुपसायच्या, हे सोपं नाही.

आमच्या टाकीजवळच्या कॉलमला शेवटी जॅकेटिंग झालं, म्हणजे भोवतीनं नवं मजबूत आवरण चढवलं. पुढच्या ऑडिटला त्याच जागी प्रोब लावता यावेत म्हणून इंजिनीअरनं सगळ्या कॉलमवर लाल रंगानं चौकोन काढून आकडे टाकले होते. दिवाळीआधी रंगकाम निघालं आणि रंगाऱ्यानं ते चौकोन, आकड्यांसकट, दोन हात मारून नीट झाकून टाकले.