कूर्चा नुसती झिजत नाही, झिजवली जाते

"गुडघ्यातली गादी गेली, ग्रीस संपलं" हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं, हाडांच्या टोकांवरची ही गादी म्हणजेच कूर्चा, त्याहून जास्त सांगत बसत नाही. ती एकदा बिघडली की भरून येत नाही हे लंडनमध्ये १७४३ लाच लिहून ठेवलं गेलं होतं, मधली दोनशे वर्षं सरळ सोडून देऊया.

१९५६ मध्ये न्यूयॉर्कला सशांच्या शिरेत पपेन टोचलं, म्हणजे कच्च्या पपईतलं तेच, मटण शिजायला आपण जे लावतो, आणि काही तासांत सशांचे कान लोंबायला लागले. गंमत म्हणजे काही दिवसांत ते परत ताठ उभे! कारण कान ताठ ठेवणाऱ्या कूर्चेतलं पाणी धरून ठेवणारं अ‍ॅग्रिकॅन गेलं होतं पण कोलॅजेनच्या धाग्यांचं जाळं शाबूत होतं, त्यात अ‍ॅग्रिकॅन परत भरलं. नंतर व्हिटॅमिन ए चा जबरी डोस दिला तरी कान तसेच पडले, म्हणजे बाहेरून कुठलंही एन्झाइम न घालता कूर्चा आतूनच स्वतःला पोखरू शकते हे दिसलं.

पण तिला सांगतं कोण? याचं उत्तर १९७७ मध्ये केंब्रिजच्या एका प्रयोगातून आलं आणि माझ्या मते या सगळ्या कथेतला हाच सर्वात सुंदर प्रयोग. डुकराच्या सांध्याचं आतलं अस्तर, म्हणजे सायनोव्हियम, कूर्चेच्या तुकड्याबरोबर बशीत वाढवलं. चिकटून ठेवलं तर मेलेली कूर्चासुद्धा खाल्ली गेली, ते समजू शकतो, पण थोडं लांब ठेवलं तर फक्त जिवंत कूर्चाच विरघळली. म्हणजे अस्तर लांबून निरोप पाठवतं आणि मोडतोड कूर्चेतल्याच पेशी करतात. त्या निरोपाला कॅटाबोलिन नाव दिलं, १९८४ मध्ये कळलं की हे तर इंटरल्यूकिन-१ च आहे, म्हणजे शरीरात दाह पेटवणारं प्रथिन.

आमवातात पुढे बाजी मारली ती टीएनएफ या दाह पेटवणाऱ्या दुसऱ्या प्रथिनानं, १९९८-९९ पासून त्याला अडवणारी औषधं बाजारात आली आणि खरंच कित्येकांचे सांधे वाचले. मग वाटलं वयाबरोबर येणाऱ्या संधिवातातही इंटरल्यूकिन अडवू, झालं काम. नाही झालं. २०१९ मध्ये छापून आलेल्या चाचणीत दोन्ही प्रकारचं (अल्फा आणि बीटा) इंटरल्यूकिन-१ अडवूनही गुडघ्याच्या रचनेत फरक दिसला नाही. तसंही बशीत जेवढं इंटरल्यूकिन ओततात त्याच्या जवळपासही अशा गुडघ्याच्या पाण्यात सापडत नाही, हे आधीच विचारायला हवं होतं असं मला वाटतं. अ‍ॅग्रिकॅन तोडणाऱ्या एन्झाइमचंही तेच, २००५ मध्ये ते बनवणारं जीनच काढलेल्या उंदरांची कूर्चा टिकली म्हणून केवढा उत्साह, आणि माणसांत औषध दिल्यावर अ‍ॅग्रिकॅनच्या तुटक्या तुकड्यांचं रक्तातलं प्रमाण घटलं पण ५२ आठवड्यांनी कूर्चेच्या जाडीत फरक नाही.

दरम्यान बाकीचे शेजारीही संशयित झालेत, कूर्चेखालचं हाड, वाटीमागची चरबी, मेनिस्कस म्हणजे गुडघ्यातल्या दोन हाडांमधली चकती. मेनिस्कस काढून टाकलेल्या गुडघ्यांचे एक्स-रे नंतर बिघडतात हे १९४८ लाच लिहिलं गेलं होतं तरी तो सर्रास काढला जात राहिला, तो वेगळाच विषय.

आणि इंटरल्यूकिनची फाइल बंद झाली म्हणावं तर २०२० मध्ये हृदयरोगाच्या एका मोठ्या चाचणीचा डेटा परत चाळला. १०,०६१ पेशंट, निम्म्याहून जास्त जणांना इंटरल्यूकिन-१ बीटा अडवणारं इंजेक्शन, साधारण पावणेचार वर्षं पाठपुरावा, आणि त्यांच्यात गुडघा-खुबा बदलायचं प्रमाण जवळपास ४० टक्क्यांनी कमी. चाचणी सांध्यांसाठी आखलेलीच नव्हती आणि हे औषध गाऊट म्हणजे युरिक अ‍ॅसिडमुळे होणारी सांधेदुखीही कमी करतं, त्यामुळे आकडा जपूनच घ्यायचा. पण सांध्यांवरच्या ज्या चाचण्यांवरून हा मार्ग सोडला त्या जेमतेम वर्षभराच्या होत्या, आणि कोलॅजेनचं जाळं तुटायला कित्येक वर्षं लागतात.