एकूण एरर आणि फिल्डिंग पर्सेंटेज: आकडे सारखे, क्षेत्ररक्षक वेगळे

क्रिकेटच्या धावफलकात सुटलेल्या झेलाला रकाना नसतो. बेसबॉलमध्ये मात्र मैदानावर बसलेला ऑफिशियल स्कोअरर प्रत्येक चूक त्या-त्या खेळाडूच्या नावावर लिहितो आणि ती निवृत्तीनंतरही पुसली जात नाही. तिला एरर म्हणतात. कारकिर्दीतले एकूण एरर आणि फिल्डिंग पर्सेंटेज हे आकडे तक्त्यात जवळजवळ दिसतात, म्हणून ते एकच गोष्ट सांगतात असं अनेकांना वाटतं.

एकूण एरर ही नुसती बेरीज आहे. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेत, सर्वाधिक एरर हर्मन लाँगच्या नावावर आहेत, तब्बल १,०९६. म्हणजे तो सर्वांत वाईट क्षेत्ररक्षक होता का? मुळीच नाही. १८८९ ते १९०४ या काळात, खडबडीत मैदानावर आणि आजच्या मानाने चिमुकल्या ग्लव्हने, तो प्रामुख्याने शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या (धावपटूने गाठायच्या टप्प्यांच्या) मधे खेळला. त्या जागी सतत चेंडू येतात. खरोखर कच्च्या खेळाडूला इतक्या चुका करायला कुणी संघात ठेवलंच नसतं!

फिल्डिंग पर्सेंटेज ही बेरीज संधींशी ताडून पाहते. पुटआउट (खेळाडूने स्वतः पूर्ण केलेला बाद) आणि असिस्ट (बाद करायला फेकीने केलेली मदत) यांची बेरीज करायची आणि त्या बेरजेला पुटआउट, असिस्ट व एरर यांच्या एकूण बेरजेने, म्हणजे एकूण संधींनी, भागायचं. २०० संधींत १० एरर झाले तर .९५०, ६०० संधींत तेवढेच झाले तर .९८३. एरर तेच, पण दुसरा खेळाडू कितीतरी भरवशाचा. अर्थात तुलना एकाच जागेच्या खेळाडूंची हवी, कारण फर्स्ट बेसवर .९९० ही रोजची गोष्ट, तर थर्ड बेसवर .९६० सुद्धा चांगलं.

इथवर पर्सेंटेज सरस वाटतं. पण ओझी स्मिथ आणि डेरेक जेटर हे दोन शॉर्टस्टॉप शेजारी ठेवून पाहा. स्मिथचे २,५११ सामन्यांत २८१ एरर, जेटरचे २,६७४ सामन्यांत २५४. बेरीज जेटरच्या बाजूने. पर्सेंटेज स्मिथचं .९७८, जेटरचं .९७६, म्हणजे जवळपास बरोबरी. आता असिस्ट बघा: स्मिथ ८,३७५, जेटर ६,६०५. पुटआउट धरून स्मिथ सामन्यागणिक सुमारे ५ फलंदाज-धावपटू बाद करण्यात हातभार लावायचा, जेटर ३.९. जेटरच्या काळात स्ट्राइकआउट (चेंडू मैदानात न जाताच फलंदाज बाद होणं) वाढल्याने चेंडू कमी येत, हे मान्य. तरी एवढी तफावत तेवढ्याने भरून निघत नाही.

मेख नियमात आहे. साधारण प्रयत्नांत जमायला हवं होतं ते जमलं नाही, तरच स्कोअरर एरर देतो. जिथे क्षेत्ररक्षक पोचलाच नाही तो चेंडू हिट, म्हणजे फलंदाजाचं यश, ठरतो आणि त्याचा हिशेब दोन्हींपैकी एकाही आकड्यात येत नाही. उलट लांब झेप घेऊन चेंडू गाठला आणि घाईत फेकताना तो भरकटला, तर एरर नावावर पडण्याची शक्यता असते. धावणाऱ्यालाच ठेच लागते, तसा प्रकार. बेसबॉलचे आकडेतज्ज्ञ बिल जेम्स यांनी १९७०च्या दशकात रेंज फॅक्टर पुढे आणला तो याच कारणासाठी: पुटआउट आणि असिस्ट खेळलेल्या सामन्यांशी ताडायचे, चुका मोजायच्याच नाहीत.

जेटरला २०१० साली अवघ्या ६ एररवर आणि .९८९ पर्सेंटेजवर गोल्ड ग्लव्ह, म्हणजे उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार, मिळाला, तेव्हा तो पुरेशा चेंडूंपर्यंत पोचतच नाही म्हणून आकडेवारीवाल्यांनी बराच आरडाओरडा केला. मला त्यांचं म्हणणं पटतं.

स्टीव्ह गार्वीचं उदाहरण तर मजेशीरच आहे. फेक बेभरवशाची म्हणून त्याला थर्ड बेसवरून फर्स्ट बेसला हलवलं. तिथे १९८४च्या मोसमात त्याने एकही एरर केला नाही, पर्सेंटेज १.०००. फर्स्ट बेसवाल्याला लांब फेक क्वचितच करावी लागते.