मुख्याध्यापक-वेतन (भारत)

शाळेचा कारभार सांभाळणाऱ्या शिक्षकांना मिळणारा पगार आणि तो ठरवायची पद्धत, असा या संज्ञेचा ढोबळ अर्थ. मुख्याध्यापक, प्राचार्य, उपप्राचार्य, उपमुख्याध्यापक, पर्यवेक्षक ही सगळी पदं यात येतात, आणि जिल्हा परिषदेच्या व्यवस्थेत केंद्रप्रमुखही यातच धरतात, जरी तो एका शाळेचा नसून साधारण दहाएक शाळांचा असला तरी. 'हेडमास्तरचा पगार' म्हणजे काय हे स्टाफरूममध्ये कुणाला समजवावं लागत नाही, पण तो कसा ठरतो यावर मात्र एकाच स्टाफरूममध्ये तीन मतं निघतात, म्हणून या नोंदीत वेतननिश्चितीचा भाग जरा जास्तच लांबलाय.

पहिली गोष्ट म्हणजे आपल्याकडे मुख्याध्यापकपदाचा पगार हा शिक्षकाच्या पगारावर चढवलेला भत्ता नसतो. ती स्वतंत्र वेतनश्रेणी असते, सातव्या वेतन आयोगाच्या भाषेत 'लेव्हल' आणि महाराष्ट्रात 'एस' क्रमांक. म्हणजे शाळेत ३०० पोरं असोत की ३०००, दोन तुकड्या असोत की चाळीस, एकदा ते पद मिळालं की श्रेणी तीच. कामाचा बोजा मोजून पगार ठरवायची पद्धत इथे रुजली नाही. सुचवली मात्र गेली होती, त्याबद्दल खाली.

आकडे सगळ्यात स्वच्छ मिळतात ते केंद्रीय विद्यालयांचे, कारण तिथे देशभर एकच तक्ता आहे. सातव्या आयोगानुसार (१ जानेवारी २०१६ पासून) प्राथमिक शिक्षक लेव्हल ६ म्हणजे ३५,४०० ते १,१२,४००, प्रशिक्षित पदवीधर शिक्षक लेव्हल ७ म्हणजे ४४,९०० ते १,४२,४००, पदव्युत्तर शिक्षक लेव्हल ८ म्हणजे ४७,६०० ते १,५१,१००. प्राथमिक विभागाचा मुख्याध्यापकही लेव्हल ८ वरच, उपप्राचार्य लेव्हल १० म्हणजे ५६,१०० ते १,७७,५०० आणि प्राचार्य लेव्हल १२ म्हणजे ७८,८०० ते २,०९,२००. हे सगळं बेसिक, वर महागाई भत्ता, घरभाडं, प्रवास भत्ता वेगळे, आणि महागाई भत्ता बेसिकच्या टक्क्यात असल्यामुळे बेसिकमधला फरक हातात येणाऱ्या रकमेत आणखी रुंद होतो. नवोदय विद्यालयांतही लेव्हल याच आहेत, फक्त निवासी शाळा म्हणून तिथल्या शिक्षकवर्गाला बेसिकच्या १० टक्के विशेष भत्ता आणि कॅम्पसवर घर मिळतं.

गंमत अशी की हे अंतर दिसतं तितकं नवं नाही. पाचव्या आयोगात केंद्रीय विद्यालयाच्या प्राथमिक शिक्षकाची सुरुवात ४,५०० ला व्हायची आणि प्राचार्याची १०,००० ला. भागाकार केला तर २.२२. आता ७८,८०० ला ३५,४०० ने भागा, उत्तर परत २.२२ च्या आसपासच. मध्ये सहावा आयोग आला, ग्रेड पे (पदाच्या दर्जाप्रमाणे बेसिकमध्ये मिळवायची ठरीव रक्कम) आलं आणि गेलं, शिक्षकांच्या श्रेण्या वाढवल्या, प्राचार्यांच्याही वाढवल्या, आणि तळ-शिखराचं प्रमाण जिथल्या तिथे. हा योगायोग की ठरवून केलेलं, यावर मतं दोन्ही बाजूंनी मांडता येतील, पण सगळ्याच श्रेण्या साधारण एकाच गुणकाने फुगवायची आयोगांची सवय पाहता योगायोग म्हणणं जरा कठीण वाटतं.

खरा बदल झाला तो मधल्या पायऱ्यांत, आणि त्याचं कारण वरिष्ठ श्रेणी आणि निवड श्रेणी. १२ वर्षं नोकरी झाली की वरिष्ठ श्रेणी, त्यानंतर आणखी १२ झाली की निवड श्रेणी, पण निवड श्रेणी सगळ्यांना नाही, वरिष्ठ श्रेणीतल्या पदांच्या २० टक्क्यांपुरतीच. महाराष्ट्रातले जुने शिक्षक बारा वर्षांच्या श्रेणीला सरळ 'चटोपाध्याय' म्हणतात. 'माझं चटोपाध्याय झालं', असं वाक्य बाहेरच्या माणसाला काहीच कळणार नाही, पण सर्व्हिस बुक पाहिलेल्या कुणालाही कळतं. नाव आलंय देबीप्रसाद चटोपाध्याय यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय शिक्षक आयोगावरून (१९८३–८५). आता या श्रेणीचं जनकत्व खरंच त्या आयोगाचं का, हा जुना वाद आहे. एक मत असं की शिक्षकांना बढतीच्या जागाच नसतात, हजार शिक्षकांमागे मुख्याध्यापकाच्या खुर्च्या मोजक्या, म्हणून वर्गात राहूनच पगार वाढायची सोय करा हा विचार त्या आयोगाने मांडला, म्हणून नाव बरोबरच आहे. दुसरं मत असं की प्रत्यक्ष त्रिस्तरीय श्रेणी आली ती केंद्र सरकारच्या आदेशाने, चौथ्या वेतन आयोगानंतर, १९८७ च्या सुमारास, आणि लागू धरली गेली १ जानेवारी १९८६ पासून, तेव्हा ती चौथ्या आयोगाच्या हिशोबात धरायला हवी. महाराष्ट्रात ती १९८९ च्या शासन निर्णयाने आली. कागद पाहिले तर दुसरं मत तारखांच्या बाबतीत पक्कं आहे, पण कल्पना आणि आदेश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मान्य केलं तर पहिलं मत सोडून द्यायचं कारण दिसत नाही. प्रस्तुत नोंदीत रूढ नावच ठेवलंय.

याचा मुख्याध्यापकाच्या पगाराशी संबंध काय, तर सरळ आहे. केंद्रीय विद्यालयातला पदव्युत्तर शिक्षक लेव्हल ८ वर लागतो, वरिष्ठ श्रेणीत लेव्हल ९ वर जातो, निवड श्रेणीत लेव्हल १० वर. आणि उपप्राचार्य कुठे असतो? लेव्हल १० वर. तसंच प्राथमिक शिक्षक निवड श्रेणीत लेव्हल ८ वर पोचतो आणि प्राथमिकचा मुख्याध्यापकही लेव्हल ८ वरच. म्हणजे चोवीस वर्षं फळ्यापाशी काढलेला माणूस आणि सगळ्या शाळेची डोकेदुखी घेतलेला माणूस तक्त्याच्या एकाच स्तंभात बसलेले असू शकतात. वर्गातल्या शिक्षकाला न्याय म्हणून आणलेली सोय खुर्चीची किंमत खाऊन बसली, आणि बढती नाकारणारे शिक्षक का सापडतात याचं निम्मं उत्तर इथे आहे (उरलेलं निम्मं उत्तर बदलीत).

आता वेतननिश्चिती. नियम थोडक्यात असा : बढती मिळाली की जुन्या लेव्हलमध्ये आधी एक इन्क्रीमेंट द्यायची, मग येणारा आकडा नव्या लेव्हलमध्ये शोधायचा, तो नसेल तर लगेच वरचा घ्यायचा. केंद्रात हे २०१६ च्या सुधारित वेतन नियमांत आहे, महाराष्ट्रात २०१९ च्या नियमांत साधारण याच धर्तीवर. उदाहरण घेऊ. एका पदव्युत्तर शिक्षकाचं बेसिक लेव्हल ८ मध्ये ६०,४०० आहे आणि त्याची इन्क्रीमेंट दर जुलैत पडते. फेब्रुवारीत तो उपप्राचार्य झाला. एक इन्क्रीमेंट धरली की ६२,२००, लेव्हल १० मध्ये हा आकडा नाही, ६१,३०० नंतर थेट ६३,१०० आहे, म्हणून नवं बेसिक ६३,१००. वाढ २,७०० रुपये. पण शिक्षकच राहिला असता तरी जुलैत त्याला १,८०० मिळणारच होते, म्हणजे खुर्चीमुळे पडलेली निव्वळ भर बेसिकमध्ये ९०० रुपये. पुढच्या इन्क्रीमेंट मोठ्या आकड्यावर पडतात आणि श्रेणीची कमाल मर्यादाही वर सरकते, हे फायदे आहेतच, पण पहिल्या महिन्याची स्लिप पाहून बऱ्याच नव्या उपप्राचार्यांचा चेहरा का पडतो ते यावरून कळेल.

यात एक फाटा आहे तो म्हणजे विकल्प. बढतीच्या तारखेलाच निश्चिती करायची का पुढच्या इन्क्रीमेंटच्या तारखेला, हे कर्मचाऱ्याने एका महिन्यात लिहून द्यायचं असतं. वरच्याच माणसाने जुलैचा विकल्प दिला तर फेब्रुवारी ते जून त्याला लेव्हल १० मधला लगतचा वरचा आकडा, ६१,३०० मिळेल, आणि १ जुलैला दोन इन्क्रीमेंट धरून (६०,४०० वरून ६२,२००, मग ६४,१००) नव्या लेव्हलमध्ये ६५,०००. लगेच निश्चिती केली असती तर हेच ६५,००० त्याला पुढच्या १ जानेवारीला दिसले असते. पाच महिने दरमहा १,८०० कमी घेतले म्हणजे ९,००० गेले, जुलै ते डिसेंबर दरमहा १,९०० जास्त मिळाले म्हणजे ११,४०० आले, एका वर्षातच २,४०० वर, तेही भत्ते न धरता. म्हणून जाणता क्लार्क असलेल्या शाळेत विकल्पाचा कागद आधी पुढे येतो आणि पेढे नंतर. तारीख बदलली की गणित बदलतं, डिसेंबरात बढती मिळालेल्याला हेच उत्तर लागू पडेल असं नाही.

मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापकाला मोठा पगार, ही कल्पना भारतात मांडली गेली ती कोठारी आयोगाच्या अहवालात (१९६६). डॉ. दौलतसिंग कोठारी अध्यक्ष आणि सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक. आयोगाने प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाची सुरुवात २२० रुपयांवर सुचवली आणि माध्यमिक मुख्याध्यापकांबद्दल असं म्हटलं की शाळेचा आकार, दर्जा आणि माणसाची पात्रता बघून त्याला संलग्न कॉलेजच्या अध्यापकांच्या श्रेण्यांपैकी एखादी द्यावी. यातून दोन गोष्टी एकदम साधणार होत्या, पटाप्रमाणे पगार आणि शाळा-कॉलेज यांच्यातली भिंत थोडी खाली. प्रत्यक्षात पुढच्या वेतन आयोगांनी शाळा आणि कॉलेजच्या श्रेण्या वेगवेगळ्याच ठेवल्या आणि आकाराचा मुद्दा पगारातून बाहेर पडला.

तो परत आला वेगळ्या दाराने. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी १५० पेक्षा जास्त मुलं असतील तर पाच शिक्षक अधिक एक मुख्याध्यापक, आणि सहावी ते आठवीसाठी १०० पेक्षा जास्त मुलं असतील तर पूर्णवेळ मुख्याध्यापक, असं लिहिलंय. म्हणजे पटावरून पगार किती हे ठरत नाही, पगार आहे की नाही हे ठरतं. संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शाळेची पदं मंजूर करताना, पट घसरला की पद जातं, आणि काम मात्र जात नाही, शालेय पोषण आहार, यू-डायस (शाळेची माहिती सरकारला ऑनलाइन भरणं), शाळा व्यवस्थापन समितीच्या मीटिंगा हे सगळं कुणीतरी करायचंच असतं, मग सगळ्यात ज्येष्ठ शिक्षक 'प्रभारी' होतो, शिक्षकाच्याच श्रेणीत. लहान गावातल्या दोनशिक्षकी शाळेत मुख्याध्यापक-वेतन या संज्ञेला तसा अर्थच उरत नाही.

महाराष्ट्रातल्या खासगी शाळांची चौकट म्हणजे १९७७ चा खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम आणि त्याखालची १९८१ ची नियमावली. माध्यमिकच्या मुख्याध्यापकासाठी पदवी, बीएड आणि एकूण ५ वर्षं अध्यापनाचा अनुभव, त्यातली निदान २ वर्षं बीएडनंतरची, आणि निवड सेवाज्येष्ठतेने. ज्येष्ठतेच्या याद्या अनुसूची 'फ' वरून लागतात आणि तिथेच भांडणं लागतात, डीएडवर आधी लागलेला ज्येष्ठ की बीएडसह नंतर लागलेला, यावरची प्रकरणं शाळा न्यायाधिकरणापासून पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलीत. एवढा जीव लावून भांडायचं कारण चालू पगारापेक्षा पेन्शनमध्ये जास्त आहे. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्यांना जुनी पेन्शन, म्हणजे शेवटच्या बेसिकच्या निम्मं, त्यामुळे निवृत्तीआधी वर्षभर जरी मुख्याध्यापकाची श्रेणी लागली तरी तिचा परिणाम जन्मभर राहतो. अल्पसंख्याक संस्थांना मुख्याध्यापक निवडायची मोकळीक जास्त आहे.

राज्यात सातव्या आयोगाप्रमाणे डीएड प्राथमिक शिक्षक एस-१० (२९,२०० ते ९२,३००) आणि बीएड माध्यमिक शिक्षक एस-१४ (३८,६०० ते १,२२,८००) वर असतात, मुख्याध्यापक, उपमुख्याध्यापक, पर्यवेक्षक त्यांच्या वरच्या श्रेण्यांत, पदाच्या आणि शाळेच्या प्रकारानुसार. केंद्राच्या शिक्षकाशी तुलना केली की सुरुवातीलाच ६,००० च्या वर फरक दिसतो. सहाव्या आयोगाच्या वेळी हकीम समिती आणि सातव्याच्या वेळी बक्षी समिती राज्याने नेमली, श्रेण्यांतल्या त्रुटी हा दोन्ही वेळचा विषय. अनुदानित शाळेत मुख्याध्यापकाचाही पगार शासनाच्या वेतन पथकाकडून शालार्थ या ऑनलाइन पगार प्रणालीतून होतो, आणि सगळ्या स्टाफचं बिल वेळेत फॉरवर्ड करायची जबाबदारी मुख्याध्यापकाचीच, स्वतःच्या बिलासकट.

विनाअनुदानित शाळांना १९७७ चा कायदा लागू आहे, अनुदान मिळो न मिळो, त्यामुळे कागदावर श्रेणी तीच. इंटरनॅशनल म्हणवणाऱ्या शाळांत प्राचार्याचा पगार करारावर ठरतो.