एककांची एकवाक्यता, हरित इमारत प्रमाणीकरणातील

हरित मानांकनाच्या अर्जाला जोडलेले नकाशे, गणितपत्रके, माहितीपत्रके आणि बिले यांतील क्षेत्रफळ, पाणी, वीज व उष्णता यांची मापे एकाच पद्धतीत मांडणे. आयजीबीसी आणि गृह या भारतीय मानांकनांत मेट्रिक मापे चालतात. लीड हे मानांकन मूळचे अमेरिकी, त्यामुळे त्याच्या संदर्भ-मानकांत फूट, गॅलन आणि बीटीयू (उष्णतेचे एकक) ही मापेही भेटतात.

सोलापुरातल्या एखाद्या प्रकल्पाची फाइल उघडली की सातबारा हेक्टर-आरमध्ये, मंजूर नकाशा चौरस मीटरमध्ये, शहाबादी फरशीचा दर चौरस फुटाला, यंत्रमाग शेडचा भार एचपीत आणि एसी टनात, असा सगळा बाजार भरलेला असतो. वाळू-खडीचा ब्रास म्हणजे १०० घनफूट (२.८३ घनमीटर), तर गिलाव्याचा ब्रास १०० चौरस फूट (९.२९ चौरस मीटर), नुसते ‘ब्रास’ लिहून भागत नाही. गुंठा आणि आर एकच, हा समजही महागात पडतो. गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा, आर १०० चा. दोन एकरांत ९४ चौरस मीटरचा फरक येतो.

दहापटीची चूक सहसा पकडली जाते. ४,००० चौरस फुटांचे छत (३७१.६ चौरस मीटर), ५५० मिलिमीटर पाऊस आणि ०.८५ अपवाह गुणांक (पडलेल्या पावसापैकी वाहून हाती येणारा वाटा) धरला की वर्षाला सुमारे १७४ घनमीटर पाणी मिळते. फूट तसेच ठेवले तर १,८७० येते आणि तपासणारा लगेच थबकतो. घात करतात त्या वीस-पंचवीस टक्क्यांच्या चुका: अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा तर ब्रिटिश ४.५४६ चा, १ एचपी म्हणजे ०.७४६ किलोवॅट, जनरेटरचे केव्हीए म्हणजे किलोवॅट नव्हे. हे आकडे पाहताना कुणालाच खटकत नाहीत.

काही ठिकाणी नुसता गुणाकार पुरत नाही. शॉवरचे मिनिटाला २.५ गॅलन म्हणजे ९.५ लिटर, पण हा प्रवाह ८० पीएसआय (सुमारे ५.५ बार) दाबाचा. आयजीबीसीची तुलना ३ बारला होते. प्रवाहनियंत्रक नसेल तर तोच शॉवर तिथे सुमारे ७ लिटर देतो. तापमानातील १० अंश सेल्सिअसचा फरक म्हणजे १८ अंश फॅरनहाइट. इथे ३२ मिळवायचे नसतात. उष्णतारोधक किती उष्णता अडवतो हे सांगणारे ‘आर-१०’ हे अमेरिकी माप ५.६७८ ने भागले की मेट्रिक १.७६ होते. सोलापूरच्या उन्हात छताचे गणित याच आकड्यावर उभे असते, म्हणून माहितीपत्रकावर एकक छापलेले नसेल तर उत्पादकाकडून लेखी घ्यावे.

रूपांतर एकदाच, आकडा पत्रकात शिरतानाच करावे. मूळ आकडा व एकक शेजारच्या रकान्यात, गुणक स्वतंत्र पानावर (१ चौरस मीटर = १०.७६४ चौरस फूट, १ टन शीतन = ३.५१७ किलोवॅट) आणि पूर्णांकन शेवटच्या ओळीत. नकाशाकार १०.७६४ आणि ठेकेदार १०.८ वापरत असेल, तर ५,००० चौरस मीटरच्या एकाच इमारतीची क्षेत्रफळे १८० चौरस फुटांनी वेगळी निघतात.