परोपजीवी गांधीलमाश्या

परोपजीवी गांधीलमाश्या : दुसऱ्या कीटकाच्या अंड्यात, अळीत, कोषात किंवा प्रौढ शरीरात स्वतःची अंडी घालणाऱ्या, बहुधा अतिशय लहान गांधीलमाश्यांचा गट. मुंग्या व मधमाश्यांप्रमाणे त्यांचाही समावेश हायमेनॉप्टेरा गणात होतो. अळी यजमान कीटकाला खातच वाढते आणि शेवटी त्याचा जीव घेते. ऊ किंवा गोचीड सहसा तसे करत नाही. बागेत दिसणाऱ्या बहुतेक जाती माणसाला डंख करू शकत नाहीत.

भारतातील ठळक उदाहरण पिठ्या ढेकणाचे, म्हणजे झाडाचा रस शोषणाऱ्या, पिठासारख्या पांढऱ्या मेणाने झाकलेल्या किडीचे. कपाशीवर मोठे नुकसान करणारी फेनाकोकस सोलेनोप्सिस ही त्याची जात जास्वंद, भेंडी, वांगी व गाजरगवतावरही वाढते. तिच्यावर जगणारी एनासियस ही गांधीलमाशी कोणी मुद्दाम आणून सोडली नव्हती. 2008 च्या सुमारास ती शेतात आपोआप आढळली. 2009 मध्ये तिला ‘एनासियस बंबावालेई’ असे नाव मिळाले. पुढे ती आधीच नोंदलेली एनासियस अरिझोनेन्सिस हीच असल्याचे ठरले. मादी एका ढेकणात एक अंडे घालते. काही दिवसांत ढेकूण फुगून कडक, लालसर तपकिरी होतो. ही ‘ममी’. तिला गोल भोक पाडून नवी माशी बाहेर पडते. मावा किडीवरही असेच घडते. फुगलेला, कागदासारखा कोरडा, सोनेरी-तपकिरी मावा म्हणजे आत गांधीलमाशी वाढते आहे.

अशा ममी असलेली पाने ‘रोगट’ समजून खुडली जातात, ही बागेतली नेहमीची चूक. ममीला भोक नसेल तर फांदी छाटली तरी झाडाच्या बुंध्याशीच ठेवावी. पिठ्या ढेकणाला मेणाचे कवच असते, गांधीलमाशीला नसते. त्यामुळे पायरेथ्रॉइडसारख्या कीटकनाशकाच्या फवारणीत आधी तीच मरते. मुंग्यांचाही बंदोबस्त लागतो, कारण ढेकणांनी सोडलेल्या गोड चिकट्यासाठी त्या त्यांची राखण करतात आणि गांधीलमाश्यांना हुसकावून लावतात. प्रौढ माश्यांना मकरंद हवा असतो. कोथिंबीर, शेपू किंवा बडीशेपेची दोन-चार झाडे फुलावर येऊ दिली तर त्यांची सोय होते.

ट्रायकोग्रामा ही जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीची गांधीलमाशी पतंगांच्या अंड्यांवर जगते. तांदळावरील पतंगाच्या अंड्यांत तिला प्रयोगशाळेत वाढवून ती अंडी कागदावर चिकटवतात, हेच ‘ट्रायकोकार्ड’. उसातील खोडकिडा व कांडी किडीसाठी ते पानाच्या खालच्या बाजूला टाचतात. गच्चीवरच्या दहा-वीस कुंड्यांसाठी मात्र ते विकत आणण्यात फारसा अर्थ नाही. शिवाय ट्रायकोग्रामा निवड करत बसत नाही : लिंबू व कढीपत्त्यावरची फुलपाखरांची अंडीही तिला चालतात, तेव्हा फुलपाखरांसाठीच ही झाडे लावणाऱ्यांनी तिच्यापासून दूर राहिलेले बरे.